हिरव्या रुमालाचा चोर

मला पहिल्या भेटीत माणूस आवडत नाही. दुसऱ्या भेटीतही क्वचितच. सुशीला, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "तुम्ही देवळात गेलात तरी आधी चपला बघता, मग देव." खरं आहे. देव जागेवर असतो, चपला जातात.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या ताईंचा फोन आला. "काका, तुम्ही त्या रशियन दुकानात कामाला होता ना? त्यावर लिहा की." मी म्हणलं, माझं शिक्षण चौथी, लिहिणं म्हणजे सही. त्या म्हणाल्या, बोलता तसंच लिहा. सुशीलाला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. दिवसभर घरात बोलायला माणूस नाही, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर बसलो नसतो.

मी बाइंडर. पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या मागं एका कारखान्यात अख्खी नोकरी पुस्तकं शिवण्यात गेली. मिलिंद, आमचा मुलगा, शिकागोजवळ नेपरव्हिलला आयटीत. त्यानं कागदपत्रं करून आम्हा दोघांना बोलावून घेतलं. न्यूयॉर्कचे मनोरे पडले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आम्ही आलो. विमानतळावरच्या साहेबानं माझ्या बॅगेतून दाभण काढलं, हाडाची पट्टी काढली, मेणाचा दोरा काढला आणि तिन्ही टेबलावर मांडून माझ्याकडं बघत बसला. मी त्याच्याकडं बघत बसलो. दोघांनाही समोरचा बरोबर वाटत नव्हता. शेवटी सुशीलानं पर्समधलं देवीच्या पोथीचं पुस्तक काढून त्याला उघडून दाखवलं, शिवण दाखवली, माझ्याकडं बोट दाखवलं. सोडलं.

घरी बसून मी महिन्याभरात चिडका झालो. बर्फात कुठं जाणार? मिलिंदच्या ऑफिसातल्या एका रशियन बाईनं सांगितलं, शिकागोच्या वाटेवर गाडीच्या अमुक स्टेशनाजवळ तिच्या देशाच्या माणसाचं पुस्तकांचं दुकान आहे, त्याला पुस्तक उसवून पुन्हा शिवणारा माणूस पाहिजे. मिलिंद म्हणाला, "बाबा, आर यू शुअर? रशियन लोक आहेत. जरा चौकशी करू या." मी म्हणलं, चौकशी मी करतो, तू स्टेशनवर सोड.

दुकानाच्या मालकाचं नाव अर्काडी. पोट मोठं, मिशी पांढरी, डोळे माझ्यासारखे, सगळीकडं फिरणारे. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "तुझ्या वडिलांचं नाव काय?" मला वाटलं, आता हा काय खानदान तपासणार. पण त्यांच्यात तशी रीत आहे. मान द्यायचा तर नावापुढं वडिलांचं नाव लावतात, आपण लावतो तसंच. मी म्हणलं, विठ्ठल. त्या दिवसापासून मी तिथं दत्ता विठ्ठलोविच. सुशीलाला हे सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. मग घरात भाजीत मीठ कमी पडलं की "विठ्ठलोविच, डबा द्या" सुरू झालं. (आमचं तिथलं सगळं बोलणं मोडक्या इंग्रजीत. त्याचंही मोडकं, माझंही, त्यामुळं छान जमलं. इथं आपल्या भाषेत देतो.)

आता काम काय होतं ते सांगतो. पुस्तक म्हणजे सुटी पानं चिकटवलेली नसतात, निदान चांगलं पुस्तक नसतं. मोठ्या कागदाला घड्या घालून सोळा पानांचा एक जुडगा करतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. असे फर्मे एकावर एक रचून दोऱ्यानं शिवायचे. अर्काडी जुनी रशियन पुस्तकं कॉम्प्युटरमध्ये घालून ई-बुक म्हणून विकायचा. त्यासाठी पान न् पान स्कॅनरच्या काचेवर सपाट टेकवावं लागतं. बाकीचे लोक पाठीचा कणा कटिंग मशीनवर कापतात. पानं सुटी होतात, काम झटपट होतं आणि पुस्तक मरतं. अर्काडीकडं येणारी पुस्तकं लोकांनी सुटकेसमधून आणलेली, दुसरी प्रत मिळायची नाही. म्हणून मी शिवण उसवायची, फर्मे सुटे करून द्यायचे, स्कॅन झालं की पुन्हा शिवून, पुठ्ठा चढवून मालकाला परत. मशीन अक्षरं वाचायचं, बऱ्याचदा चुकीची. त्या चुका काढायला गाल्या नावाची बाई होती. चाळिशीची, बारीक, कमी बोलणारी. ती तिथं राहत होती अर्काडीच्या नोकरीच्या कागदावर. नोकरी गेली की तिला परत जावं लागणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. व्हिसा म्हणजे काय ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

मला रशियन वाचता येत नाही. माझ्या हातून शेकड्यानं पुस्तकं गेली, एकाचंही नाव सांगता येणार नाही. अर्काडीला तेच आवडायचं. म्हणायचा, "विठ्ठलोविच, या दुकानात मी फक्त तुला घाबरत नाही. तुला चोरता येईल, पण काय चोरलं ते कळणार नाही."

कारण दुकानात एकच भीती होती. रशियात लोकांनी कॉम्प्युटरवर फुकट वाचनालयं उघडली होती. अर्काडीनं लेखकाशी करार करावा, पुस्तक विकायला ठेवावं, आणि आठवड्यात ते तिकडं फुकट लागलेलं असावं. तेही कसं? टापटीप, राहिलेल्या चुका दुरुस्त करून. अर्काडी त्या दुरुस्त्या पाहून जास्त तापायचा. "हरामखोर चोरतात आणि वर माझी मापं काढतात!" गंमत अशी, की हाच अर्काडी रंगात आला की सांगायचा, तरुणपणी त्याच्या देशात बंदी असलेली पुस्तकं तो आणि त्याचे दोस्त कार्बन लावून टाइप करून वाटायचे. मी एकदा म्हणलं, "मग हे आणि ते वेगळं कसं?" त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "तेव्हा पोलीस मागं होते," म्हणाला. पुण्यात फूटपाथवर विकायच्या झेरॉक्स गाइडांना पुठ्ठे कोणी चढवले होते ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

चोर कोण, हा आमचा रोजचा धंदा झाला. अर्काडी गिऱ्हाइकांवर संशय घ्यायचा, गाल्या अर्काडीच्या जुन्या भागीदारावर, मी सगळ्यांवर. एक गृहस्थ शुक्रवारी पुस्तक घ्यायचा आणि सोमवारी परत आणायचा, आवडलं नाही म्हणून. मी पुस्तक हातात घेतलं तर कणा मोडलेला, पानं काचेवर दाबल्यासारखी सपाट. म्हणलं, सापडला! अर्काडीला खूण केली, अर्काडीनं दार अडवलं, गाल्यानं फोन हातात घेतला. त्या माणसानं निमूटपणे आम्हाला त्याच्या गाडीपाशी नेलं. मागच्या सीटवर एक यंत्र होतं, पडद्यावर अक्षरं हाताएवढी करून दाखवणारं. त्याला जवळजवळ दिसतच नव्हतं. पुस्तक भिंगाखाली सपाट दाबल्याशिवाय वाचता येत नव्हतं, आणि एवढं करून पुस्तक भिकार निघालं की तो परत आणत होता. "तुमच्याकडं चांगली पुस्तकं ठेवा," म्हणाला, "म्हणजे मी परत आणणार नाही." अर्काडीनं त्याला दोन पुस्तकं तशीच दिली. गाल्या पुढं आठवडाभर मला 'इन्स्पेक्टर' म्हणत होती.

अशात इल्या पेट्रोविच आले. ऐंशीकडं झुकलेले, काठी, अंगावर इस्त्रीचा शर्ट. स्टेशनापलीकडच्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत एकटे राहायचे. बायको वेरा तिकडंच वारलेली, मुलीनं यांना इकडं आणलं. त्यांनी वेरावर एक पुस्तक लिहिलं होतं. त्यांच्या गावातल्या छापखान्यात थोडक्या प्रती निघालेल्या, सगळ्या वाटून संपल्या. उरली ती यांच्याजवळची एक. ती माझ्या हातात देताना त्यांनी सोडलीच नाही, पुस्तकाचं एक टोक त्यांच्याकडं, एक माझ्याकडं. गाल्यानं त्यांना माझी शिवण दाखवली तेव्हा सोडलं.

त्या दिवसांत सुशीला अधूनमधून माझ्याबरोबर यायची. घरात तिलाही करमत नव्हतं. साडीवर मिलिंदचा जुना तपकिरी स्वेटर घालून स्कॅनरपाशी बसायची आणि फर्मे क्रमानं लावायची. स्वेटरचं कोपर फाटलं तर तिनं माझाच मेणाचा पांढरा दोरा घेऊन शिवलं. मी म्हणलं, "अगं, तपकिरी लोकर आण, लांबून दिसतंय." ती म्हणाली, "दिसू दे. बाइंडरची बायको आहे."

इल्या पेट्रोविचच्या पुस्तकाला अर्काडीनं सापळा लावला. एका कॉम्प्युटरवाल्याकडून असं काही करून घेतलं, की बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रतीत एक गोष्ट वेगळी पडेल. पुस्तकाच्या सुरुवातीलाच वेरा डोक्याला हिरवा रुमाल बांधून फलाटावर उभी आहे. एका गिऱ्हाइकाच्या प्रतीत तो निळा, दुसऱ्याच्या लाल, तिसऱ्याच्या पिवळा, कोणाच्या ठिपक्यांचा. फुकट वाचनालयात ज्या रंगाचा रुमाल लागेल, त्या रंगाच्या प्रतीचं गिऱ्हाईक चोर. अर्काडीनं हे फक्त मला सांगितलं. "तू वाचत नाहीस," म्हणाला.

आठवड्यात पुस्तक फुकट लागलं. अर्काडी स्वतः कॉम्प्युटरपाशी गेला, पान उघडलं. रुमाल हिरवा होता.

हिरवा रुमाल बाहेर गेलेल्या एकाही प्रतीत नव्हता. हिरवा होता तो फक्त मूळ फाइलमध्ये, आणि ती होती गाल्याच्या कॉम्प्युटरवर. अर्काडी काही ओरडला नाही. तिला एवढंच म्हणाला, "शुक्रवारपर्यंत." ती पांढरी पडली. "अर्काडी लवोविच, मी नाही." तो म्हणाला, "मग कोण? विठ्ठलोविच?" आणि दोघंही माझ्याकडं बघून हसले नाहीत.

मलाही चोर तीच वाटत होती. जेवायच्या सुट्टीत ती गाडीत जाऊन बसायची, काचा वर करून, फोनवर हळू बोलत. काय बोलायची ते मला आजही माहीत नाही. सुशीलाला सांगितलं तर ती म्हणाली, "फोनवर मीही हळू बोलते, तुमच्या बहिणीशी. मी चोर का?" मी म्हणलं, तुला कळत नाही. ती म्हणाली, "मला कळत नाही ना? मग त्या म्हाताऱ्याचं पुस्तक द्यायला मीही येते."

पुस्तक शिवून तयार होतं. गुरुवारी आम्ही दोघं ते द्यायला गेलो. इल्या पेट्रोविचच्या खोलीत एक पलंग, एक टेबल, खिडकीत कॉम्प्युटर, भिंतीवर वेराचा फोटो, काळापांढरा. त्यांनी पुस्तक उघडलं, प्रत्येक फर्म्याची शिवण बोटानं चाचपली आणि मान डोलावली. मग एकदम म्हणाले, "काम चांगलं आहे. पण तुमच्या मालकाला सांगा, त्यानं मला कॉम्प्युटरवर पाठवलेली प्रत घाण आहे."

"काय झालं?"

"वेराचा रुमाल निळा केला! निळा ती आयुष्यात ल्यायली नाही. निळा तिच्या सासूचा रंग. मी दुरुस्त केला, मगच पाठवला."

मी विचारलं, "पाठवला? कुठं?"

ते माझ्याकडं असं बघायला लागले, की मीच खुळा. "वाचनालयात. अजून कुठं?" आणि खुर्ची ओढून कॉम्प्युटरवर आम्हाला दाखवायला लागले. केवढा अभिमान! सापळ्याच्या यंत्रानं लेखकाला भेट पाठवलेल्या प्रतीतही रंग बदलला होता. यंत्राला काय कळतं, कोण गिऱ्हाईक आणि कोण नवरा?

मी म्हणलं, "पण पुस्तक तुमचं आहे. विकलं तर तुमचंच नाव, तुमचाच फायदा."

"माझ्या गावात पैसे भरायचं कार्ड कोणाकडं आहे? वेरानं ज्यांना शिकवलं ते तिथं आहेत. तुमच्या मालकाच्या दुकानात कोण आहे? ते शिकागोत शेल्फवर पडून राहील. एकदा ती मेली. पुन्हा इथं एकटी ठेवू?"

सुशीलाला यातलं अर्धंही कळलं नसणार. तिनं माझ्याकडं बघून मराठीत विचारलं, "यांनीच केलंय?" मी हो म्हणलं. तिनं उठून म्हाताऱ्याच्या हातातला थंड झालेला चहा घेतला, मोरीपाशी जाऊन ओतला, दुसरा करून आणला, त्याच्या पुढ्यात ठेवला. मग मला म्हणाली, "आता त्यांना गाल्याचं सांगा."

"सांगून काय? करार मोडला म्हणून अर्काडी यांच्यावर उठेल."

"आणि नाही सांगितलं तर ती पोर उद्या जाईल. सांगा."

मी सांगितलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं. चहा पूर्ण प्यायला. मग विचारलं, "तुमचं दुकान किती वाजता उघडतं?"

शुक्रवारी आम्ही पोहोचलो तर ते दुकानाबाहेर बर्फात उभे, कोट घालून, अर्काडी कुलूप काढायच्या आधीच. आत येऊन म्हणाले, "चोर मी आहे. ही बाई नाही."

अर्काडीचा विश्वास बसेना. तो माझ्याहून संशयी. "इल्या पेट्रोविच, तुम्ही चांगले आहात. हिनं रडून दाखवलं असेल. स्वतःचं घर कोण फोडतं?" गाल्या एका कोपऱ्यात उभी, तिच्या टेबलावरचा कप, चपला, सगळं पिशवीत भरलेलं. म्हातारा म्हणाला, "तुम्ही ते फुकटचं पुस्तक वाचलं का?"

"बघितलं. रुमाल हिरवा."

"मी बघितलं का विचारलं नाही. वाचलं का?"

अर्काडीनं रुमालाच्या पुढं वाचलंच नव्हतं. आम्ही सगळेच इतके दिवस चोर शोधत होतो, ते फुकटचं पुस्तक कोणी वाचलं नव्हतं. म्हाताऱ्यानं त्याला शेवटचं पान काढायला लावलं. अर्काडी मोठ्यानं वाचायला लागला आणि मध्येच थांबला. गाल्यानं मला नंतर समजावलं त्यात काय होतं ते. वेरा कुठलंही पुस्तक आधी शेवटच्या पानावरून वाचायची. मग नवरा तेच पुस्तक वाचत असला, की त्याच्या तोंडाकडं बघत बसायची, कुठवर पोहोचला ते ओळखायला. आणि शेवट जवळ आला की उठून दुसऱ्या खोलीत जायची, म्हणजे त्याला एकट्याला वाचता येईल.

हे छापलेल्या पुस्तकात नव्हतं. गाल्याच्या फाइलमध्ये नव्हतं. म्हाताऱ्याला ते नंतर आठवलं होतं, आणि त्यानं फोन करून अर्काडीला घालायला सांगितलं होतं. अर्काडी तेव्हा म्हणाला होता, आता बदल नाही, पुढच्या वेळी बघू. म्हणजे ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती, म्हाताऱ्याला आणि अर्काडीला.

चोर काहीतरी कमी करून नेतो. यानं भर घातली होती.

अर्काडी खुर्चीत बसला. मग गाल्याला म्हणाला, "पिशवी रिकामी कर." तिनं केली. पण कप टेबलावर ठेवला तो आपटून, आणि पुढं बरेच दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलली. तिचं बरोबर होतं. अर्काडीनं विकायची प्रत काढून टाकली नाही, पण त्यात तो शेवट घातला, आणि रुमाल सगळ्यांसाठी हिरवा केला. कॉम्प्युटरवाल्याचं यंत्र मात्र पुढच्या पुस्तकाला पुन्हा लावलं. आता त्यात लेखकाच्या प्रतीला खूण केली, तेवढाच फरक. माणूस सुधारत नाही. मीही गाल्याच्या गाडीकडं बघायचं थांबवलं नाही.

परतीच्या गाडीत मी सुशीलाला म्हणलं, "म्हातारा खुळा आहे. हातातलं फुकट वाटून टाकलं." ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "त्यांनी वाटलं नाही. त्यांनी ठेवलं." मला तेव्हा कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. मला वाटलं, घरी गेल्यावर विचारू. घरी गेल्यावर टीव्ही लागला.

दुकान पुढं काही वर्षांनी बंद झालं. अर्काडी मुलाकडं गेला, गाल्याला दुसऱ्या कंपनीनं कागद करून दिले. इल्या पेट्रोविच त्याआधीच गेले. त्यांचं पुस्तक अजून तिकडं फुकट आहे म्हणे.

सुशीला गेली त्यानंतर मिलिंदनं भिंतीवर लावायला फोटो करून आणला. मोठा, चांगल्या फ्रेमचा. मी बघितला तर तिच्या अंगावर रेशमी साडी, जरीचे काठ, मागं कुठलीशी बाग. म्हणलं, हा फोटो कधीचा? मिलिंद म्हणाला, "बाबा, तोच ओ, किचनमधला. फोटोवाल्यानं जरा नीट केलाय. तो फाटका स्वेटर चांगला दिसत नव्हता." पोरानं मायेनं केलं, मला कळतं. पण मी त्या फोटोपुढं उभा राहिलो आणि मला तो म्हातारा आठवला, काठी टेकून बर्फात उभा. मिलिंदला म्हणलं, हा काढ, मूळचा लाव. तो म्हणाला, "व्हॉट्स द डिफरन्स, बाबा? आईच आहे ना." दोन दिवस बोललो नाही त्याच्याशी. तिसऱ्या दिवशी त्यानं बदलला.

ताई, हा लेख छापल्यावर कोणी उचलून कॉम्प्युटरवर टाकला तर माझी काही तक्रार नाही. माझं नाव गाळलं तरी चालेल, चार ठिकाणी कापला तरी चालेल. मी काही लेखक नाही. फक्त स्वेटर तपकिरी होता, मिलिंदचा जुना, आणि कोपरावर पांढऱ्या दोऱ्याची शिवण होती, लांबून दिसणारी. ते कोणी नीट करू नये.